एकरकमी पावणेदोन लाख, की पॅकिंगचं डिपार्टमेंट?

लोटे-परशुरामच्या एका केमिकल कारखान्यातल्या युनियनच्या तरुण कमिटी मेंबरने प्रश्न पाठवलाय. वय ३३, नोकरी १२ वर्षं, एकूण पगार ३२ हजार, त्यात बेसिक-डीए १९ हजार. कारखान्यात १६४ परमनंट, कंत्राटी त्याहून जास्त. जुना वेतनकरार संपून १४ महिने झाले. मॅनेजमेंटने दोन प्रस्ताव ठेवलेत. पहिल्यात मागच्या थकबाकीसह एकरकमी १,७५,००० रुपये आणि तीन वर्षांत ७,५०० ची वाढ, सगळी भत्त्यांत. त्याबदल्यात पॅकिंग आणि युटिलिटी (बॉयलर, वाफ, पाणी, वीज बघणारं डिपार्टमेंट) ठेकेदाराकडे जाणार, म्हणजे ३८ जागा. 'जादा ठरणाऱ्या कामगारांना सामावून घेतले जाईल' असं लिहून देतायत. दुसऱ्यात एकरकमी काही नाही, ६,००० ची वाढ, त्यातले ६० टक्के बेसिकमध्ये, आणि ही दोन्ही डिपार्टमेंटं आहेत तशी. दोन्हीकडे वाढ निम्मी पहिल्या वर्षी, उरलेली पाव-पाव. शेवटी त्याने लिहिलंय, "काका, पोरं म्हणतात चेक घ्या, जुनी माणसं म्हणतात डिपार्टमेंट वाचवा. जनरल बॉडी गणपतीच्या आधीच्या रविवारी आहे. मी काय सांगू?"

बाबा, रविवारी काय सांगायचं ते नंतर बघू. आधी वही घे आणि नोकरीच्या हमीची किंमत काढ. कमिटीत बसणाऱ्या माणसाने 'सुरक्षितता' हा शब्द नुसता तोंडाने वापरला की समोरचा एचआरवाला निर्धास्त होतो.

पहिल्या प्रस्तावात तीन वर्षांत हातात येतात पहिल्या वर्षी ४५,०००, दुसऱ्या वर्षी ६७,५००, तिसऱ्या वर्षी ९०,०००. मिळून २,०२,५००. वर १,७५,०००, म्हणजे ३,७७,५००. दुसऱ्यात ३६, ५४ आणि ७२ हजार, एकूण १,६२,०००. फरक २,१५,५०० रुपयांचा. छत्तीस महिन्यांवर टाकलास तर महिन्याला जवळजवळ सहा हजार. डिपार्टमेंट वाचवायचा, विम्यासारखा, हप्ता मॅनेजमेंटने एवढा लावलाय. बराच आहे. पोरं चेक मागतात म्हणून त्यांना वेडं ठरवू नकोस.

पण त्या पावणेदोन लाखांत १४ महिन्यांची थकबाकी मिसळलेली आहे, हे वाचलंस का नीट? पहिल्या वर्षीच्या वाढीने, म्हणजे ३,७५० ने, १४ महिन्यांचे ५२,५०० होतात. ते तुमचेच पैसे. खरी खिरापत १,२२,५०० ची. आणि दुसऱ्या प्रस्तावात थकबाकीचा शब्दच नाही! करार १४ महिने लांबला तो दोन्ही प्रस्तावांसाठी लांबला ना? मग दुसऱ्यातही १४ गुणिले ३,०००, म्हणजे ४२,००० यायलाच हवेत. ते धरले की फरक १,७३,५०० वर येतो आणि हप्ता महिन्याला पाच हजारांच्या आत. टेबलावर सगळ्यात आधी हेच मांड. दुसरा प्रस्ताव मुद्दाम उपाशी ठेवलाय, तुम्ही पहिल्याकडे धावावं म्हणून. ही युक्ती मी धाटावला पाहिली, महाडला पाहिली, आता लोट्यात बघतोय.

भत्त्यांचं गणितही असंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, असं आहे. पोरांना कुणीतरी सांगितलं असणार की आता भत्ता काय, बेसिक काय, एकच. तुझंच घे. आज १९ हजार बेसिक-डीए, एकूण ३२. त्यात ७,५०० भत्ता टाकला की एकूण ३९,५००, त्याचे निम्मे १९,७५०. म्हणजे संहितेने तुझे वाचवले फक्त ७५० रुपये. बाकी ६,७५० ना ग्रॅच्युइटीत, ना पीएफमध्ये. हा ७,५०० चा आकडा कॅल्क्युलेटर पुढ्यात घेऊनच निघालाय, याबद्दल मला शंका नाही.

दुसऱ्या प्रस्तावातले ३,६०० बेसिकमध्ये जातात. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर, १५ भागिले २६, गुणिले झालेली सगळी वर्षं. तू ५८ ला निवृत्त झालास तर ३७ वर्षं होतील. नुसत्या या ३,६०० वर ७६ हजारांहून जास्त. मागची १२ वर्षंसुद्धा नव्या बेसिकने मोजली जातात, हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. पीएफ पूर्ण बेसिकवर कापतात की १५ हजारांच्या मर्यादेवर, ते पगारपत्रकात बघ. त्यावर आणखी थोडा फरक पडेल.

आता नोकरी गेली तर काय होतं ते बघ. समज, तीन वर्षांनी तुझं डिपार्टमेंट ठेकेदाराकडे गेलं आणि तू त्याच गेटमधून कंत्राटी म्हणून आत आलास. १५ हजार धरू. महिन्याला १७ हजारांचा खड्डा. चेकमधून जास्तीचे मिळालेले २,१५,५०० तेरा महिन्यांत संपले. पुढे ५८ पर्यंतच्या २२ वर्षांचा हिशेब केलास तर ४४,८८,००० होतात. आजचा रुपया आणि वीस वर्षांनंतरचा रुपया एक नाही, म्हणून निम्मेच धर. कायद्याने मिळणारी नोकरकपातीची भरपाई, नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, तीही वजा कर. तरी वीस लाखांचं नुकसान राहतंच. म्हणजे नोकरी जायची शक्यता दहात एकाहून जास्त असेल तर तुझ्यासाठी चेक हा तोट्याचा सौदा. आणि १६४ मधल्या ३८ जागा तर त्यांनी स्वतःच लिहून दिल्यात, शंभरात तेवीस.

पण हे तुझं गणित. ५६ वर्षांच्या बॉयलर अटेंडंटचं वेगळं. त्याला दोनच वर्षं राहिली. पहिल्या प्रस्तावात त्याला २,८७,५०० मिळतात, दुसऱ्यात ९०,०००. दुसऱ्यात बेसिक वाढल्याने ३३ वर्षांच्या नोकरीवर ग्रॅच्युइटी ५१ हजारांनी वाढते आणि ती लगेच हातात पडते, तरीही चेकच त्याच्या फायद्याचा. म्हणजे हिशेबाने म्हाताऱ्यांनी चेक मागायला हवा आणि पोरांनी डिपार्टमेंट. तुमच्याकडे नेमकं उलटं चाललंय. मी जिथे जिथे बसलो तिथे असंच पाहिलं.

का ते मला कळतं. म्हाताऱ्यांच्या घरी गिरणी आहे. माझे वडील लालबागला एका गिरणीत होते, गावच्याच माणसांच्या खोलीत राहायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातली किती घरं होती ते आपल्या कुठल्याही वाडीत विचार. संपाच्या मागण्यांत बदली कामगारांना, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्यांना, कायम करण्याचीही मागणी होती, हे आज कुणाला आठवत नाही. त्या घरांमधून मोठी झालेली माणसं कायमच्या नोकरीकडे देव्हाऱ्यासारखं बघतात. पोरांचं काय? त्यांनी कारखाने बंद पडताना पाहिलेत, गाडीचा हप्ता चालू आहे, आणि कंपनी वीस वर्षं टिकेल यावर त्यांचा विश्वास नाही. त्या अविश्वासाला तुझ्याकडे उत्तर हवं. नुसतं 'विश्वास ठेवा' म्हणालास तर भर मीटिंगमध्ये हसतील.

आता माझी चूक सांगतो. वीसेक वर्षं झाली. मी तेव्हा एका कारखान्यात ऑपरेटर आणि युनियनचा चिटणीस. गणपतीला आठ दिवस होते. एकरकमी ४० हजार मिळणार होते, तेव्हाचे ४० हजार. करार चौदा पानी, आणि अकराव्या पानावर एक ओळ: 'उत्पादकता वाढविण्यासाठी व्यवस्थापन आवश्यक ते बदल करू शकेल व त्यास युनियनची संमती राहील.' मी ती वाचली होती. खोटं कशाला बोलू, दोनदा वाचली होती. वाटलं, अशी वाक्यं सगळ्याच करारांत असतात. कॅन्टीनमध्ये बटाटेवडे होते, फोटो झाला, चेक वाटले. माझ्या शेजारच्या माणसाने त्या पैशात घराचा स्लॅब टाकला.

अकरा महिन्यांनी एका सोमवारी फर्स्ट शिफ्टला पॅकिंगमध्ये गेलो तर ठेकेदाराची बारा माणसं नव्या कोऱ्या निळ्या हेल्मेटांत उभी. हेल्मेटांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. आमची माणसं यार्डात ड्रम धुवायला. आम्ही वकिलाकडे गेलो. मी म्हटलं, नोकरीच्या शर्तींत बदल करायचा तर २१ दिवसांची नोटीस लागते, औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ९-अ. त्यांनी करार चाळला, अकराव्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही सही कुणाची?" कलम ९-अ मध्येच सवलत होती की बदल एखाद्या करारानुसार होत असेल तर नोटीस लागत नाही. नव्या संहितेतही ती तशीच आलीय. माणसं कमी-जास्त करणं, कामाची फेररचना करणं, हे सगळं नोटिशीच्या यादीत येतं. ते हत्यार आम्ही ४० हजारांत विकलं होतं, आणि विकलं हे आम्हालाच माहीत नव्हतं. स्लॅबवाला पुढे दीड वर्षाने व्हीआरएस घेऊन गेला. स्लॅब अजून आहे, गळतो.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रस्तावातलं 'सामावून घेतले जाईल' हे वाक्य मला ३८ जागांपेक्षा जास्त सलतंय. कोण सामावणार, कुठे, कुठल्या ग्रेडमध्ये, किती दिवसांत?

यावरून 'मग दुसरा प्रस्ताव घ्या' असं मी म्हणतोय असं समजू नकोस. दुसरी ठेच सांगतो. त्या प्रकरणानंतर मी इतका पोळलो की पुढच्या करारात आम्ही पैसे सोडले आणि हमी घेतली. 'करारकाळात कोणाही कामगारास कामावरून कमी केले जाणार नाही.' शब्द न् शब्द पाठ होता आम्हाला. सहा महिन्यांत नऊ जणांना कंपनीच्या गुजरातमधल्या प्लांटला बदलीची पत्रं आली. एचआर म्हणाला, "कमी कुठे केलं? बदली केलीय." नेमणूकपत्रात होतंच, कंपनीच्या कुठल्याही ठिकाणी बदली होऊ शकेल. नऊपैकी सात जणांनी दोन महिन्यांत राजीनामे दिले. एकाची साठ कलमं होती हापूसची, म्हातारी आई घरी. तो काय गुजरातला जाणार? आपल्या कोकणातल्या कामगाराला काढायला कपात लागत नाही, बदलीचं पत्र पुरतं. घर, बाग आणि गणपती सोडून तो जात नाही, हे मॅनेजमेंटला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

तेव्हापासून मी हमीचं कलम शेवटाकडून वाचतो. ते मोडलं तर काय होणार, हे आधी शोधतो. ते लिहिलेलं नसेल तर त्या कलमापायी मी महिन्याचे पाचशेसुद्धा सोडणार नाही. लिहिलेलं असेल तर पाच हजारसुद्धा जास्त नाहीत.

तुमच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचं झालंय, कारण कायद्याची भिंत खाली आलीय. औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफ (तात्पुरतं घरी बसवणं), कपात आणि बंदसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागायची. १९७६ साली ही तरतूद आली तेव्हा मर्यादा ३०० होती, १९८४ पासून १०० झाली. औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा ३०० केली. १६४ परमनंटवाला तुमचा कारखाना काल भिंतीच्या आत होता, आज बाहेर आहे. आता बंद करायचा तर ६० दिवसांची नोटीस आणि भरपाई, बस. कपात केली तर एक महिन्याची नोटीस, वर्षाला १५ दिवस, आणि पुनर्कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचा पगार. लोटे, महाड, धाटाव इथले बरेच कारखाने याच शंभर ते तीनशेच्या पट्ट्यात आहेत. पूर्वी आम्ही करारात हमी घालायचो ती कायद्याच्या जोडीला. तुम्हाला ती कायद्याच्या जागी घालावी लागेल.

मग ती कशी लिहायची? सगळ्यात आधी संख्या. 'कोणाला कमी करणार नाही' हे वाक्य आज असलेल्या माणसांबद्दल बोलतं, जागांबद्दल नाही. माणसं निवृत्त होत जातात, जागा भरत नाहीत, आणि एकालाही न काढता १६४ चे ११० होतात. म्हणून डिपार्टमेंटवार परमनंट जागांचा तक्ता कराराला परिशिष्ट म्हणून जोडा, पॅकिंग इतके, युटिलिटी इतके, आणि रिकामी जागा ९० दिवसांत भरायची असं लिहा. भरायची कुणातून? तिथेच काम करणाऱ्या कंत्राटी मुलांतून, ज्येष्ठतेने.

हे शेवटचं पोरांना पटत नाही, मला माहितीय. 'त्यांचं आपण का बघायचं?' त्यांना सांग, कंत्राटी मुलगा आज ना उद्या कोर्टातून आपोआप परमनंट होईल ही आशा २००१ सालीच मावळली. स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंत्राटी पद्धत बंद झाली तरी आपोआप सामावून घेतलं जात नाही. तेव्हा तो मुलगा त्याच ड्रायरवर पंधरा हजारांत उभा राहणार, आणि तो तिथे उभा आहे तोवर ३२ हजारांच्या माणसाची हमी कागदावरच. तुमच्या करारातून वर्षाला चार कंत्राटी परमनंट झाले तर गेटबाहेर दोनशे माणसं तुमच्याविरुद्ध नाहीत, रांगेत आहेत. यात फार मोठा फरक आहे. गेट मीटिंगला तो दिसतो.

बदलीचं कलम वेगळं मागा: करारातल्या कामगाराची लेखी संमती असल्याशिवाय लोटे औद्योगिक क्षेत्राबाहेर बदली नाही. यावर ते अडतील. थोडं अडू दे. किती जोरात अडतात त्यावरून त्यांच्या मनात काय आहे ते कळेल.

आणि दंड. जागा कमी केल्या किंवा डिपार्टमेंट ठेकेदाराकडे दिलं तर बाधित माणसाला कायद्याचे १५ दिवस नाहीत, वर्षाला ६० दिवस, आणि ते पैसे काम ठेकेदाराला देण्याआधी. साठला ते कधी तयार होणार नाहीत. पंचेचाळीसवर येतील. हा आकडा जितका मोठा, तितकं ठेकेदाराचं गणित बिघडतं. त्यांचं पॅकिंग बाहेर द्यायचं कारण कामगारांचा द्वेष नसतो रे, एका एक्सेल शीटमध्ये ते स्वस्त दिसतं, इतकंच. शीटमधला आकडा बदलला की निर्णयही बदलतो.

'करारकाळात' हा शब्द हमीच्या कलमात येऊ देऊ नकोस. करार संपला तरी नवा होईपर्यंत जुन्याच्या शर्ती चालतात, हे सुप्रीम कोर्टाने १९८० साली एलआयसी विरुद्ध डी. जे. बहादुर या खटल्यात मान्य केलंय. तुम्ही स्वतःच 'करारकाळात' लिहिलंत तर तो आधार आपल्या हाताने काढून टाकला. तुमचा मागचा करार संपून १४ महिने झाले. त्या १४ महिन्यांत अशी हमी उघड्यावर पडली असती.

शिवाय सही सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर, समेटाच्या कार्यवाहीत करा. नुसत्या दोन पक्षांच्या कराराने फक्त सही करणारे बांधले जातात. समेटातला करार कारखान्यातल्या सगळ्यांना, उद्या लागणाऱ्यालासुद्धा लागू होतो. दोन हेलपाटे जास्त पडतील, पडू देत.

इतकं मांडूनही एका प्रसंगात मी तुला चेकच घ्यायला सांगेन, आणि तोही पोटभर. कारखानाच मरायला टेकला असेल तेव्हा. मेलेल्या कारखान्यातली हमी कुणाकडे वटवणार? मॅनेजमेंट याबद्दल कधी खरं सांगत नाही, पण प्लांट सांगतो. आपल्याकडे खारा वारा आणि चार महिने पाऊस. पाइपरॅक, स्ट्रक्चर, टाक्यांचे जिने, सगळं मे महिन्यात रंगवून घ्यावं लागतं, नाहीतर दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. मी कुठल्याही नव्या कारखान्याच्या कमिटीला पहिला प्रश्न हाच विचारतो, या मेमध्ये रंग लागला का? सलग दोन वर्षं लागला नसेल तर मालकाचं लक्ष दुसरीकडे गेलंय. मग बघ, ग्लास-लाइन्ड रिअ‍ॅक्टरचं अस्तर गेलं तर नवं बसवतात की ते भांडं बंद करून शेजारच्यावर भागवतात? चांगल्या मार्जिनचं प्रॉडक्ट दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला 'ट्रायल' म्हणून गेलंय का? वार्षिक शटडाउन अठरा दिवसांवरून सहावर आलं का? क्वालिटी लॅबमधली हुशार मुलं सोडून चाललीत का? ती सगळ्यात आधी जातात.

यातल्या तीन गोष्टी तुमच्याकडे असतील तर १६४ चा तक्ता फाडून टाक आणि पैशांवर बस. पण तेव्हाही १,७५,००० नाही. तेव्हा मागायचं ते व्हीआरएसचं सूत्र आत्ताच लिहून, आणि ग्रॅच्युइटीची तजवीज. कंपनीने ग्रॅच्युइटी एलआयसीच्या ग्रुप योजनेत खरोखर भरलीय की ताळेबंदात नुसती दाखवलीय, याचा लेखी पुरावा घ्या. कंपनी दिवाळखोरीत गेली तर पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातले पैसे बाकीच्या देणेकऱ्यांच्या वाटणीत येत नाहीत, आणि लिक्विडेशनच्या आधीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने उभी राहतात. हा आधार चांगला आहे. पण फंडच भरलेला नसेल तर फंडातून मिळणार काय?

तू पाठवलेल्या माहितीवरून तुमचा कारखाना मरायला टेकलेला वाटत नाही. तूच लिहिलंयस की मागच्या वर्षी नवा सेंट्रिफ्यूज आला आणि ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, वाढवली. जो मालक ईटीपीवर खर्च करतो तो निघून जायच्या बेतात नसतो. त्याला राहायचंय, फक्त स्वस्तात. अशा कारखान्यात माझं मत स्पष्ट आहे. दुसरा प्रस्ताव पाया धरायचा, थकबाकी त्यात घालून घ्यायची, आणि वाढ सहाची साडेसहा मागायची. युटिलिटीत घासाघीस करता येईल. तिथल्या निवृत्त होणाऱ्या चार-पाच जागांवर अडून बसू नका, ती तुमची द्यायची गोष्ट. पॅकिंग द्यायचं नाही. माल गेटबाहेर पडतो तो पॅकिंगमधून. उद्या संपाची वेळ आली आणि पॅकिंग ठेकेदाराचं असेल तर तुम्ही बाहेर मंडपात आणि ट्रक तुमच्यासमोरून भरून जातील. हे कारण मीटिंगमध्ये मात्र मोठ्याने बोलू नकोस.

आणि म्हाताऱ्यांना विसरू नका. तीन वर्षांच्या आत निवृत्त होणाऱ्यांसाठी पूर्ण सहा हजार पहिल्याच दिवसापासून मागा. अशी माणसं फार नसतील, कंपनीला ते जड नाही, आणि त्यांची ग्रॅच्युइटी पूर्ण बेसिकवर निघेल. वीस वर्षांची हमी तुम्ही घेताय, तिचा हप्ता दोन वर्षं उरलेल्या माणसाने का भरावा?

राहिला रविवार. जनरल बॉडी गणपतीच्या आधी घेऊच नका. तारीख कुणी ठरवली? कमिटीने ठरवली असं तू म्हणशील, पण 'चतुर्थीच्या आधी चेक देऊ' हे वाक्य कुठून आलं ते आठव. घराला रंग काढायचाय, मुंबईची माणसं यायचीयत, मखराचं सामान आणायचंय, अशा आठवड्यात पावणेदोन लाखांविरुद्ध मत मागायचं म्हणजे उपाशी माणसाला ताटावरून उठवायचं. मॅनेजमेंटकडे गणपतीसाठी १५-२० हजार अ‍ॅडव्हान्स मागा, पगारातून कापायच्या बोलीवर. बहुतेक देतील, त्यांनाही शांतता हवी असते. मीटिंग गौरी-गणपती उरकून, माणसं कामावर परतल्यावर.

तोवर नोटीस बोर्डावर दोन्ही प्रस्तावांचे आकडे मराठीत लाव, वय ३०, ४० आणि ५६ अशा तीन माणसांचे. नावं नकोत. मत हात वर करून नाही, चिठ्ठीने. पॅकिंगमधला माणूस सगळ्यांसमोर हात वर करतो तेव्हा तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

मला त्यांच्या मसुद्याचं शेवटचं पान पाठव, आणि मधलं कुठलंही पान ज्यात 'संमती' हा शब्द आहे. फोटो सरळ काढ, मागच्या वेळी कडेचे आकडे कापले गेले होते.